गोव्यात ट्रॅव्हल ट्रेलर बांधायचा तर ॲल्युमिनियम कुठे वापरावं आणि कुठे नाही

गाडीच्या मागे जोडून न्यायचा, आत झोपायची आणि स्वयंपाकाची सोय असलेला ट्रेलर गोव्यातच बांधता येईल का, ही चौकशी आता वाढली आहे. विचारणारे वेगवेगळे असतात. कुणाची सत्तरी-सांग्याकडे बागायत असते, कुणाचं काणकोणला होमस्टे असतं, कुणी बसची बॉडी किंवा फायबरच्या होड्या बांधणारं असतं. प्रश्न मात्र बहुतेकांचा एकच: सगळाच ॲल्युमिनियमचा केला तर वजन एक तृतीयांश होईल ना, आणि तो विकला जाईल ना?

पहिल्याचं उत्तर नाही. दुसऱ्याचं उत्तर, विकला जाईल, पण पहिलं गिऱ्हाईक तुम्हाला वाटतं ते नसेल. आधी वजनाचं बघू, कारण बाजाराचा अर्धा हिशोब त्यातूनच निघतो.

ॲल्युमिनियमची घनता २.७, लोखंडाची ७.८५. एकाच मापाचा पाईप घेतला तर ॲल्युमिनियम साधारण एक तृतीयांश भरतं, इथवर खरं. पण त्याचा ताठपणाही एक तृतीयांशच असतो. म्हणजे तोच पाईप तितक्याच भाराखाली तिप्पट वाकतो. तुटत नाही, वाकतो. ट्रेलरमध्ये वाकणं म्हणजे खिडकीच्या कोपऱ्यातलं सीलंट सुटणं, दार अडकणं, आतल्या सनमाईकला चीर पडणं. म्हणून तुलना करायची ती मापाची नाही, ताठपणाची.

लोखंडाचा ४० बाय ४० चा २ मिमी जाडीचा चौकोनी पाईप मीटरला २.३९ किलो भरतो. तितकाच ताठ ॲल्युमिनियमचा पाईप हवा असेल तर ५० बाय ५० चा, ३ मिमी जाडीचा घ्यावा लागतो. त्याचं वजन मीटरला १.५२ किलो. बचत सुमारे ३६ टक्के. वर प्रत्येक भिंत १० मिमीने जाड झाली, म्हणजे आतली रुंदी दोन्ही बाजू मिळून २० मिमीने गेली. ही बचत चांगलीच आहे, पण ६५ टक्क्यांची जाहिरात करून गिऱ्हाइकाला फसवू नये आणि स्वतःही फसू नये.

तरीही भिंतींच्या आणि छताच्या सांगाड्याला मी ॲल्युमिनियमच सुचवतो, आणि खालच्या चॅसीला लोखंडच. कारण वेगळं आहे. लोखंडात ताणाची एक मर्यादा असते. तिच्या खाली राहिलात तर लाखो धक्के बसूनही तडा जात नाही. ॲल्युमिनियममध्ये अशी मर्यादा नाही. ताण लहान असला तरी धक्के मोजले जात राहतात आणि कधीतरी चीर पडते. चॅसीला हे धक्के सतत बसतात: प्रत्येक गतिरोधक, प्रत्येक खड्डा, चोर्ला किंवा अनमोड घाटातलं प्रत्येक वळण. सगळ्यात जास्त ताण येतो तो पुढचा इंग्रजी ए आकाराचा दांडा पहिल्या आडव्या पट्टीला मिळतो तिथे. तिथे ॲल्युमिनियमचं वेल्डिंग करून निर्धास्त राहता येत नाही. पूर्ण ॲल्युमिनियमच्या चॅसीचे ट्रेलर अमेरिकेत इंडियाना राज्यात बांधले जातात, ते टिकतातही; पण तिथे सेक्शन (ठरावीक आकाराचे पाईप आणि पट्ट्या) खास त्या कामासाठी पाडून घेतलेले असतात आणि जोडांची रचना वर्षानुवर्षं तपासलेली असते. ॲल्युमिनियमच्या अंगाची म्हणून जगभर ओळख असलेली एअरस्ट्रीमसुद्धा खाली लोखंडी चॅसीवरच उभी असते. १९३६च्या तिच्या क्लिपर मॉडेलपासून त्या घराण्याची खरी ताकद बाहेरचा पत्रा आणि आतल्या फासळ्या रिवेटनी एकजीव करण्यात आहे. पत्रा नुसता झाकायला नसतो, तोही भार घेतो. हे तत्त्व आपल्याला घेता येतं.

चॅसी लोखंडाची म्हणजे काळा पाईप घासून रंगवलेली नव्हे. आपल्याकडे खाऱ्या वाऱ्यात तो रंग दोन पावसाळ्यांत पापुद्र्यांनी सुटतो. सगळं वेल्डिंग संपवून, भोकं पाडून, मगच वितळलेल्या जस्तात बुडवून गॅल्व्हनायझिंग करून घ्यावं. ३ ते ६ मिमी जाडीच्या लोखंडावर साधारण ७० मायक्रॉनचा थर बसतो. बंद पाईपला दोन्ही टोकांना हवा जायला भोकं ठेवायलाच हवीत. नाहीतर ४५० अंशांच्या कुंडात आतली हवा आणि ओल फुगून पाईप फुटतो, आणि कारखानेवाले असा माल हातातही घेत नाहीत. नंतर 'एवढी एक पट्टी राहिली' म्हणून वेल्डिंग केलं की तिथला थर जळतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. जस्ताचा आणखी एक फायदा: त्याचं आणि ॲल्युमिनियमचं उघड्या लोखंडापेक्षा पुष्कळ बरं जमतं.

सेक्शन कुठला घ्यायचा

दुकानात जाऊन नुसतं 'ॲल्युमिनियमचा चौकोनी पाईप' मागितलात तर हातात पडेल तो बहुतेक खिडक्यांच्या कामाचा: ६०६३ या मिश्रधातूचा, टी५ अवस्थेतला, १.२ ते १.५ मिमी जाडीचा. (टी५, टी६ ही भट्टीत मुरवून आणलेल्या ताकदीची नावं.) गोव्यात प्रत्येक गावात स्लायडिंग खिडक्या बसवणारा फॅब्रिकेटर आहे आणि त्याचा हात बसलेला आहे तो याच मालावर. खिडकीला तो छान. ट्रेलरच्या कोपऱ्यातल्या खांबाला नाही. ६०६३-टी५ कायमचा वाकू लागतो तो किमान ११० मेगापास्कल ताणाला, ६०६३-टी६ १७० ला, आणि ६०६१-टी६ २४० ला. ६०८२-टी६ त्याहून किंचित वर. जुने व्यापारी अजून जुन्या नावांनीच बोलतात: एचई-९ म्हणजे ६०६३, एचई-२० म्हणजे ६०६१, एचई-३० म्हणजे ६०८२. कोपऱ्यांचे खांब, खालची-वरची लांब पट्टी आणि दाराची चौकट ६०६१ किंवा ६०८२ची टी६मधली घ्यावी. मधले उभे ६०६३-टी६चे चालतात. टेस्ट सर्टिफिकेट मागावं. शंका आली तर वेबस्टर टेस्टर नावाचं पकडीसारखं हातातलं उपकरण असतं. ते सेक्शनवर दाबलं की कडकपणाचा आकडा मिळतो. टी५ आणि टी६ची सरमिसळ त्यात लगेच कळते.

बाहेरच्या पत्र्याला समुद्राजवळ ५०५२ उत्तम, ३००३ चालतो. १ मिमी जाडीला चौरस मीटरला २.७ किलो. घरांच्या दर्शनी भागाला लावतात ती ४ मिमीची एसीपी शीट दिसायला सपाट आणि लावायला सोपी, म्हणून मोह होतो. पण ती चौरस मीटरला साडेपाच किलो भरते, म्हणजे दुप्पट. आणि कापलेल्या कडेतून तिच्यात पाणी शिरलं की थर सुटतात.

एक अंदाज देतो. बाहेरून ३.६ मीटर लांब, १.९ रुंद, १.९ उंच अशी एका ॲक्सलवरची बॉडी धरा. सांगाड्याला सुमारे १०० मीटर सेक्शन लागतो. त्यातले ४० मीटर ४० बाय ४० बाय २ (मीटरला ०.८२ किलो) आणि ६० मीटर ४० बाय २० बाय २ (मीटरला ०.६० किलो). एकूण ७० किलोच्या आत. उभे ६०० मिमीवर, छताच्या कमानी ४०० मिमीवर. छताच्या कमानी जवळ-जवळ, कारण दुरुस्तीला कुणीतरी वर चढतोच. इथे पन्नासचा सेक्शन नको, कारण पत्रा रिवेटने बसला की तोच ताठपणा देतो. हाच सांगाडा ४० बाय २० च्या १.६ मिमी लोखंडी पाईपचा केला तर १४३ किलोच्या आसपास जातो. म्हणजे ७० किलोंहून थोडी जास्त बचत. हे ७० किलो किती मोलाचे, ते पुढे येईल.

जोड: खरं काम इथे आहे

आपल्याकडे ॲल्युमिनियमचा जोड म्हटलं की 'आर्गन मारून घेऊ' हे ठरलेलं उत्तर. आर्गन वेल्डिंग वाईट नाही, पण ते सेक्शनला काय करतं ते माहीत हवं. टी६ची ताकद ही भट्टीत मुरवून आणलेली असते. वेल्डिंगच्या उष्णतेने ती शिरेच्या दोन्ही बाजूंना साधारण २५ मिमीपर्यंत निघून जाते. २४० मेगापास्कलचा माल तिथे निम्म्याच्याही खाली येतो. म्हणून तुटलेला जोड बघितलात तर शीर शाबूत दिसते आणि चीर तिच्या शेजारून, अगदी कडेला लागून धावलेली असते. लोक म्हणतात वेल्डिंग चांगलं होतं, माल खराब निघाला. मालाची ताकद वेल्डिंगनेच गेलेली असते.

दुसरी अडचण आपल्या हवेची. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, त्यावरची ऑक्साईडची साय मात्र दोन हजारांच्या वर. ती स्टेनलेस स्टीलच्या वेगळ्या ठेवलेल्या ब्रशने घासून आणि ॲसिटोनने पुसून लगेच वेल्डिंग करायला हवं. जून ते सप्टेंबर हवेत इतकी ओल असते की रॉडवर आणि सेक्शनवर नकळत पाण्याचा थर बसतो. त्यातला हायड्रोजन वितळलेल्या धातूत जातो आणि थंड होताना बुडबुडे होऊन अडकतो. वरून शीर चकचकीत, आत जाळी. उपाय: रॉड सिलिका जेल टाकलेल्या बंद डब्यात ठेवायचे, सेक्शन हलका गरम करून ओल घालवायची (६० अंश पुरे, १२०च्या वर नाही), आणि रोज सकाळी एक नमुना जोड करून व्हाइसमध्ये धरून मोडून बघायचा. मोडलेल्या तोंडावर सुईच्या टोकाएवढी भोकं दिसली तर त्या दिवशी वेल्डिंग बंद. रॉड ४०४३चा घेतला तर तडे कमी जातात. ५३५६चा जोड जास्त मजबूत होतो आणि ॲनोडायझिंगनंतर रंग जुळतो.

माझं स्वतःचं झुकतं माप रिवेटला आहे. बसची बॉडी बांधणाऱ्यांना हे नवं नाही, आणि गोव्यात होंडा-भुईपालच्या ऑटोमोबाईल कॉर्पोरेशन ऑफ गोवामुळे बसबॉडीचं काम जाणणारी माणसं आहेत. ट्रेलर बांधणाऱ्याने खिडकीवाल्याच्या आधी बसबॉडीवाल्याला गाठावं.

उभा सेक्शन खालच्या पट्टीला मिळतो तो एक जोड नीट बघू. ४० बाय ४० बाय ३चा अँगल घ्या, ३६ मिमीचे तुकडे करा. उभ्याच्या दोन्ही बाजूंना एकेक तुकडा. प्रत्येक तुकड्याच्या प्रत्येक पायाला ४.८ मिमीचे दोन रिवेट, भोक ४.९. रिवेटच्या मधापासून कडेपर्यंत किमान रिवेटच्या व्यासाच्या दुप्पट जागा हवी, म्हणजे १० मिमी. ३६च्या तुकड्यात दोन्हीकडे दहा-दहा सोडले की मधे १६ मिमी उरतात, आणि दोन रिवेटमधलं किमान अंतर व्यासाच्या तिप्पट, १४.४, ते बसतं. ३० मिमीचा तुकडा घेतला तर यातलं काहीच बसत नाही, आणि गडबडीत नेमका तोच घेतला जातो. आता गोम अशी: ४० बाय २०च्या उभ्याच्या आत रिकामी जागा फक्त १६ मिमी. दोन्ही बाजूंचे रिवेट समोरासमोर आले तर आत त्यांच्या शेपट्या एकमेकींना भिडतात, दुसरा रिवेट पूर्ण बसत नाही आणि वरून मात्र बसल्यासारखा दिसतो. म्हणून एका बाजूची भोकं दुसरीपेक्षा १२-१५ मिमी वर.

रिवेट कुठला, हेही महत्त्वाचं. बाजारातल्या साध्या पॉप रिवेटचं अंग ॲल्युमिनियमचं आणि मधला खिळा लोखंडाचा. खिळा तुटून आत राहतो, गंजतो, आणि पहिल्याच पावसात पांढऱ्या पत्र्यावर प्रत्येक रिवेटखाली तांबडा ओघळ उतरतो. ज्याचा खिळाही ॲल्युमिनियमचा आहे आणि तोंड बंद आहे असाच रिवेट बाहेरून वापरावा. सांगाड्याच्या जोडांना खिळा आत घट्ट अडकून राहणारा स्ट्रक्चरल रिवेट घ्यावा.

लांब पत्रा सलग घट्ट बांधू नये. ॲल्युमिनियम उन्हात लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट वाढतं. ३.६ मीटरची पट्टी ४० अंशांच्या फरकाने ३.३ मिमी वाढते, खालची लोखंडी चॅसी १.७. हा दीड मिमीचा फरक कुठेतरी जायला हवा. म्हणून बॉडी चॅसीला बसवताना मधला बोल्ट गोल भोकात, बाकीचे लांबट भोकांत.

खारं, ओल आणि प्लायवूड

ॲल्युमिनियम गंजत नाही हा समज सर्वात महाग पडतो. एकटं असलं तर ते छान टिकतं. दुसऱ्या धातूशेजारी, मधे खारट ओल असली की तेच खाल्लं जातं. स्टेनलेसचा स्क्रू स्वतः लखलखीत राहतो आणि त्याच्या डोक्याभोवती पांढरी भुकटी फुगून वर येते. रंगाखाली असेल तर फोड दिसतो. स्क्रू ३१६चा घ्यावा, नायलॉनचा वॉशर घालावा आणि आट्यांना बोटींवर वापरतात ती क्रोमेटची पेस्ट लावावी. चॅसी आणि बॉडी यांच्यामध्ये ३ मिमीची ईपीडीएम रबराची पट्टी सलग हवी, तुकड्यांची नको. तांब्याची अर्थिंगची वायर थेट सेक्शनला कधीच जोडू नये. वायरच्या टोकाला कथलाचा मुलामा असलेली लग (जोडाची चकती) वापरावी.

प्लायवूडकडे कुणाचं लक्ष जात नाही. वाळवी-बुरशीसाठी प्लायला अनेकदा तांब्याच्या क्षारांचं औषध दिलेलं असतं. ते भिजलं की तांबं ॲल्युमिनियमवर उतरतं आणि खालच्या पट्टीला खालून खड्डे पडतात. प्लाय आणि सेक्शन यांच्यात ब्यूटाईल टेप हवीच, आणि प्लायच्या सगळ्या कापलेल्या कडा एपॉक्सीने बंद. जुन्या एअरस्ट्रीमचा सर्वांना माहीत असलेला रोग हाच: मागच्या टोकाला पाणी शिरून प्लायची जमीन कुजते आणि अंग चॅसीपासून सुटतं. आपल्याकडे वर्षाला सरासरी ३००० मिमीच्या आसपास पाऊस पडतो, तेव्हा हा रोग लवकरच येणार असं धरून चालावं. खालच्या पट्टीला दर ५०० मिमीवर ८ मिमीचं भोक खालून ठेवावं. शिरलेलं पाणी बाहेर पडलं पाहिजे. दाराचा उंबरठा चॅसीच्या बाहेर १० मिमी तरी आला पाहिजे, नाहीतर दारावरून ओघळलेलं पाणी थेट प्लायच्या कडेवर जातं.

सिलिकॉन मारताना वास घेऊन बघा. आंबट, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन ॲल्युमिनियम आणि जस्त दोन्ही खातं. न्यूट्रल सिलिकॉन किंवा पीयू सीलंट घ्या. छताच्या जोडाला आधी ब्यूटाईल टेप, वर सीलंट. नुसतं सीलंट नको. छताला मधे ४० मिमीचा तरी उठाव हवा, पाणी साचू नये म्हणून.

आता अशी गोष्ट, जी परदेशी माहितीवरून काम केलं तर हमखास उलटी होते. थंड देशात ट्रेलरच्या आत ऊब असते, बाहेर बर्फ; आतली ओल भिंतीत जाऊ नये म्हणून प्लास्टिकचा थर आतल्या बाजूला लावतात. गोव्यात उलट. बाहेर ३२ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता असेल तर ती हवा २७ अंशांच्या कुठल्याही पृष्ठभागावर पाणी सोडते. आत एसी २४ वर. म्हणजे बाहेरची हवा भिंतीत जिथे शिरेल तिथे, आतल्या थंड बाजूवर पाणी सुटणार. ॲल्युमिनियम उष्णता प्लायच्या हजार पटींहून जास्त वाहतं, त्यामुळे प्रत्येक उभा सेक्शन ही भिंतीतली थंड रेघ होते आणि घाम तिथेच आधी येतो. म्हणून हवाबंद थर बाहेरच्या बाजूला: पत्र्याचे सगळे जोड नीट बंद, आत ४० मिमीचं एक्सपीएस (ताठ फोमची इन्सुलेशनची शीट) सेक्शनच्या मधे घट्ट बसवलेलं, आणि सेक्शनच्या आतल्या तोंडावर ५ मिमीची फोमची पट्टी लावून मग प्लाय. ही पट्टी वाचवली की सहा महिन्यांत आतल्या प्लायवर सेक्शनच्या मापाचे उभे काळे पट्टे उमटतात.

बाजार

अमेरिकेत २०२१ मध्ये कारखान्यांतून सुमारे ६ लाख अशी, आत राहण्याची सोय असलेली वाहनं बाहेर पडली, तो तिथला उच्चांक. २०२३ मध्ये आकडा सुमारे ३ लाख १३ हजारांवर आला, २०२४ मध्ये ३ लाख ३४ हजारांच्या आसपास. यात मोठा वाटा मागे ओढायच्या ट्रेलरचाच. दोन वर्षांत मागणी निम्म्यावर येऊ शकते हे नव्या माणसाने लक्षात ठेवावं. तिथे कोविडच्या दिवसांत घेतलेले ट्रेलर नंतर वापरलेले म्हणून बाजारात आले आणि नव्यांच्या गळ्याशी आले.

आपल्याकडे बाजार मुळात उभाच राहायचा आहे. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, केरळने त्याच वर्षी केराव्हॅन केरळ सुरू केलं. पण या धोरणांतून पुढे आले ते मुख्यतः स्वतःच्या इंजिनावर चालणारे कॅराव्हॅन. मागे ओढायच्या ट्रेलरला तीन अडथळे आहेत. पहिला, अनेक गाड्यांच्या इथल्या मॅन्युअलमध्ये ओढण्याची क्षमता दिलेलीच नसते, आणि ती नसेल तर अपघातानंतर विम्याशी वाद ठरलेला. दुसरा, रस्ते. राष्ट्रीय महामार्ग ६६ आणि नवा जुवारी पूल ठीक आहे, पण वाड्यावर शिरताना दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे, आणि समोरून बस आली की ट्रेलर मागे घेण्याचा सराव कुणालाच नाही. म्हणूनच रुंदी १.९ मीटरच्या वर नेऊ नये असं माझं ठाम मत आहे. तिसरा, कागद. ट्रेलरचं नवं मॉडेल विकण्याआधी पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन-चाचणीच्या अधिकृत संस्थेकडून नमुना मंजूर करून घ्यावा लागतो. वर्कशॉपमध्ये एक बांधला आणि आरटीओत नेऊन नंबर घेतला, असं होत नाही. खाजगी वापराचा कॅम्पर ट्रेलर २००४च्या केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणे बिगर-परिवहन वाहनांत मोडतो. भाड्याने द्यायचा झाला की परिवहनात.

इथे ते ७० किलो उपयोगी पडतात. एकूण ७५० किलोच्या आतला ट्रेलर सर्वात हलक्या, टी१ वर्गात येतो. त्यात बसवायचं तर हिशोब असा होतो: चॅसी, ॲक्सल, चाकं १५०, सांगाडा ७०, बाहेरचा पत्रा ७५, आतला ४ मिमी प्लाय आणि इन्सुलेशन १००, जमिनीचा १२ मिमी प्लाय ५०, दार-खिडक्या ५०, फर्निचर ८०, एक टनाचा एसी ४०, ५० लिटर पाणी ५०, लिथियमची १०० एएचची बॅटरी १३, टाकी, पंप, सोलर, वायरिंग, गॅस मिळून ४०. झाले ७१८. माणसांच्या सामानाला उरले ३२ किलो. सांगाडा लोखंडी असता तर ७५०ची रेघ सामान चढायच्या आधीच ओलांडली असती. बॅटरी इन्व्हर्टरची १५० एएचची ट्यूब्युलर घातली तर तिचेच ६० किलोंच्या आसपास. एसीपीचा बाहेरचा थर घातला तर आणखी ७५. एकेक सोपा पर्याय घेतला की गणित मोडतं.

पैशांत बघितलं तर ७० किलो ॲल्युमिनियम साडेतीनशे-चारशे रुपये किलोने धरलं तरी २५ ते २८ हजार. तोच सांगाडा लोखंडाचा १०-११ हजारांत. फरक पंधरा-सतरा हजारांचा, म्हणजे एका बऱ्या एसीच्या निम्मा. महाग असतो तो जोडांचा वेळ.

मग पहिलं गिऱ्हाईक कोण? माझ्या मते रस्त्यावर फिरणारं कुटुंब नव्हे. सावई-वेरेसारख्या मसाल्याच्या बागायतीत, नेत्रावळीच्या बाजूला, पेडण्यात मोपा विमानतळाच्या परिसरात ज्यांच्याकडे जागा आहे, पाणी आहे, वीज आहे आणि पक्क्या खोल्या बांधायच्या नाहीत, ते. वर्षातून दोनदा हलवायचा, एरवी झाडाखाली उभा. किनाऱ्यावरच्या हंगामी झोपड्या दरवर्षी पावसाळ्याआधी काढाव्या लागतात. त्यांच्या मालकांनाही ट्रेलर आवडेल. पण चाकं आहेत म्हणून सीआरझेड (किनारपट्टीवरच्या बांधकामाचे नियम) लागत नाही असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, आधी लेखी विचारा. पर्यटकांना राहायला द्यायचं तर १९८२च्या गोवा पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली नोंदणीचं बघावंच लागतं.

अशा उभ्या राहणाऱ्या ट्रेलरला हलकेपणाचा एक तोटा आहे आणि तो विकणाऱ्याने स्वतःहून सांगायला हवा. ताशी ९० किमीचा आडवा वारा वरच्या मापाच्या बाजूवर ३०० किलोंच्या आसपास रेटा देतो. ६०० किलोचा ट्रेलर तो जेमतेम पेलतो. वारा १०० वर गेला की उलटायच्या बेताला येतो. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेलं, तसं पुन्हा येऊ शकतं. चॅसीच्या चार कोपऱ्यांना कड्या वेल्ड करून घ्याव्यात, गॅल्व्हनायझिंगच्या आधी, आणि जमिनीत चार पक्के अँकर. टेकू म्हणून सिमेंटचे ठोकळे ठेवलेत तर ते चॅसीखाली. ओलं सिमेंट ॲल्युमिनियमला चावतं.

हलवायची वेळ आली की हुकवरचं वजन बघायचं. ७०० किलोच्या ट्रेलरला ५० ते ७० किलो हवं. घरातला वजनकाटा आणि त्यावर उभा लाकडी ठोकळा एवढ्यावर मोजता येतं. कमी भरलं तर ट्रेलर उतारावर डोलायला लागतो, करमळ घाटात तर नक्कीच. पाण्याची टाकी ॲक्सलच्या बरोबर वर ठेवली की भरली-रिकामी झाली तरी हे वजन फारसं बदलत नाही.

मॉडेल बाजारात आणायच्या आधी दोन नमुने बांधावेत. एक मंजुरीसाठी. दुसरा मे अखेरीला किनाऱ्यापासून एखाद्या किलोमीटरवर उघड्यावर उभा करावा, आत एसी चालू ठेवावा आणि ऑक्टोबरात उघडावा. चार ठिकाणं बघायची: दाराच्या उंबरठ्याखालची प्लायची कड, मागच्या कोपऱ्यातली खालची पट्टी, खिडकीच्या खालच्या कोपऱ्यामागचं इन्सुलेशन आणि चॅसीला बांधलेल्या बोल्टांभोवतीचं रबर. तिथे भुकटी किंवा ओल सापडली तर तो जोड बदलून मगच दहा ट्रेलरचा माल कापायला घ्यावा.